मोहन्नदच्या घरापुढचा फोटो

(तरुण-तरुणींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



दुपारच्या जेवणानंतरचं सत्र मला दिलंय आणि विषय दिलाय टीव्हीवरच्या प्रेमाच्या मालिकांचा. संयोजक हुशार आहेत. बिर्याणीनंतर पोटगीच्या कायद्यावर बोलायला उभी राहिले असते तर निम्मी मंडळी भिंतीला टेकून झोपली असती.

आधी मला सांगा, कोरियन मालिका कोण कोण बघतं? बऱ्याच मुली दिसतात. तुर्की? पाकिस्तानी? आता जवळजवळ सगळ्याच. मुलांनो, तुमचे हात खाली का? प्रेमाच्या मालिका आम्ही बघत नाही म्हणता. बरं, एर्तुग्रुल कोणी बघितली? बघा, आले हात वर! मग त्यात हलीमा नव्हती का?

त्या हलीमावरून एक गोष्ट सांगते. २०२० साली, टाळेबंदीच्या दिवसांत, पाकिस्तानच्या सरकारी टीव्हीनं एर्तुग्रुल उर्दूत दाखवायला सुरुवात केली आणि यूट्यूबवरून ती आपल्या मोहल्ल्यांतही पोहोचली. हलीमाचं काम करणारी एसरा बिल्गिच ही आजच्या काळातली तुर्की नटी. तिच्या इन्स्टाग्रामवर तिचे नेहमीचे फोटो होते, जसे कुठल्याही नटीचे असतात. पाकिस्तानातले चाहते त्या फोटोंखाली जाऊन तिला झापू लागले, की हलीमा होऊन असले कपडे घालतेस, शोभतं का तुला? तेराव्या शतकातली बाई शोधायला हे लोक एकविसाव्या शतकातल्या नटीच्या फोनमध्ये शिरले आणि ती तिथं सापडली नाही म्हणून तिच्यावरच रागावले.

आपण हसतो, पण मालिका बघून परक्या देशाच्या आणि परक्या माणसाच्या प्रेमात पडण्याचा सगळा मामला थोडाफार असाच असतो. मला तो समजला जेद्दामधल्या एका दिवाणखान्यात.

माझं सासर खेड तालुक्यातलं. आमच्या कोकणी मुसलमानांच्या गावांत दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी आखातात असतं, हे तुमच्यातल्या रत्नागिरी-रायगडच्या मुलांना सांगायला नको. माझे मिस्टर जेद्दाला एका कंपनीत हिशेब बघायचे. मीही काही वर्षं तिथं होते. २००८ सालचं सौदी अरेबिया डोळ्यांसमोर आणा. बाईला गाडी चालवायची परवानगी नाही, ती मिळाली २०१८ मध्ये. देशात सिनेमाघर नाही, तेही २०१८ मध्येच उघडलं. बाईला परदेशी जायचं तर बापाची, नवऱ्याची, नाहीतर भावाची लेखी संमती हवी. ती अट २०१९ पर्यंत होती. संध्याकाळ झाली की बायकांना मोकळी जागा एकच, टीव्हीचा पडदा.

त्या वर्षी त्या पडद्यावर 'नूर' आली. मूळ तुर्की मालिका 'ग्युम्युश', म्हणजे चांदी. ती तुर्कस्तानात २००५ ते २००७ या काळात होऊन गेलेली होती आणि तिथं तिनं फार मोठं काही वादळ उठवलं नव्हतं. एमबीसी या अरबी वाहिनीनं ती विकत घेतली, नायिकेचं नाव नूर केलं, नायक मेहमेतचा मोहन्नद केला. आणि मुख्य म्हणजे संवाद सीरियाच्या रोजच्या बोलीत उतरवले. त्याआधी मेक्सिकोच्या मालिका यायच्या त्या पुस्तकी अरबीत. नायक-नायिका रुसवेफुगवेही खुतबा दिल्यासारखे करायचे. आता एकदम शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसं ऐकू यायला लागलं.

गोष्ट साधी होती. गावाकडची गरीब मुलगी, इस्तंबूलचं श्रीमंत घर. आजोबा आपल्या नातवाशी तिचं लग्न लावून देतात. नातवाच्या मनात दुसरी असते, जी त्याला गमवावी लागलेली असते. लग्न ठरवून झालेलं, प्रेम मागाहून येतं. म्हणजे आपल्याकडचंच. माणसं रोजे ठेवायची, वडीलधाऱ्यांच्या हाताला मान द्यायची, आणि त्याच घरात जेवताना वाइनही असायची. अरब प्रेक्षकाला हे मिश्रण नवीन होतं. हे लोक आपले आहेत की परके, हेच ठरवता येईना. मोहन्नदचं काम करणारा किवांच तातलितू हा मॉडेलिंगमधून आलेला, निळ्या डोळ्यांचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सौदी कुटुंब होतं. त्या घरची बाई माझ्याच वयाची, चार मुलांची आई. माझं अरबी बाजारापुरतं, तिची उर्दू चाकरमान्यांकडून उचललेली, पण मालिका बघायला दोघींना पुरेसं. ती मला वर बोलवायची. कहवा, खजूर, आणि समोर मोहन्नद. तिच्या नणंदा आणि शेजारच्या दोघीतिघी जमायच्या. मला वाटलेलं, या सगळ्या त्याच्या डोळ्यांवर भाळल्यात. होत्याही, खोटं कशाला बोलू. पण त्या कुठल्या प्रसंगाला गप्प व्हायच्या, ते मी बघत होते. तो बायकोला तिच्या कामाबद्दल विचारायचा तेव्हा. तिचं चुकलं म्हणून नाही तर स्वतःचं चुकलं म्हणून बोलायला यायचा तेव्हा. एकदा असंच काहीतरी चाललं होतं आणि माझी शेजारीण पडद्याकडे बघतच म्हणाली, "माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. माझ्या आवडीचा रंग कुठला, हे यांनी अजून विचारलं नाही."

मी खाली येऊन हे मिस्टरांना सांगितलं. ते वहीतून मान वर न करता म्हणाले, "त्या मोहन्नदला ते विचारायचे पैसे मिळतात." मी हसले. पण रात्री माझ्या लक्षात आलं की माझ्या आवडीचा रंग कुठला, हे त्यांनीही विचारलं नव्हतं.

३० ऑगस्ट २००८ ला शेवटचा भाग झाला. वाहिनीनंच सांगितलेला आकडा असा, की तो अरब जगतात साडेआठ कोटी लोकांनी पाहिला आणि त्यात पाच कोटी बायका होत्या. वाहिनीचे आकडे वाहिनीच्याच फायद्याचे असतात, म्हणून त्यातले थोडे कमी करून घ्या. तरी खूप उरतात. पॅलेस्टाईनमध्ये बाळांची नावं नूर आणि मोहन्नद ठेवली जात होती. नवऱ्यानं बायकोच्या मोबाइलवर मोहन्नदचा फोटो बघितला आणि तलाक दिला, अशा बातम्या आखातातल्या पेपरांत यायच्या. त्या बातम्यांवर माझा विश्वास कमीच, कारण फोटोवरून मोडणारं लग्न आधीच मोडलेलं असतं. पण पुरुषमंडळी बिथरली होती हे मी स्वतः पाहिलं.

त्याच जुलैमध्ये सौदीचे मुफ्ती-ए-आझम शेख अब्दुल अझीझ आल-शेख यांनी या तुर्की मालिकांवर फतवा दिला, की त्या वाईट चालीच्या आहेत, बघू नका, दाखवू नका. सप्टेंबरात तिथल्या सर्वोच्च न्याय मंडळाचे प्रमुख सालेह अल-लुहैदान यांनी तर अशी अनीती पसरवणाऱ्या वाहिन्यांच्या मालकांना न्यायालयामार्फत मृत्युदंडही देता येईल, असं म्हटलं. त्यावर जगभर गदारोळ झाला आणि पुढच्या फेब्रुवारीत त्यांचं पद गेलं. मालिका बघणारे मात्र कमी झाले नाहीत. माझी शेजारीण पाच वेळची नमाजी, उमरा करून आलेली. तिनं फतवाही ऐकला आणि पुढचा भागही बघितला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांनी मोहन्नदबद्दल सांगितलं. माझ्या नवऱ्याबद्दल काही सांगितलं असतं तर ऐकलं असतं."

मी पुढं कितीतरी विद्वानांची या विषयावरची मतं वाचली, पण या वाक्याच्या पुढं फारसं कुणी गेलेलं मला दिसलं नाही.

आता पर्यटनाकडे येते. मालिकेतल्या श्रीमंत घराचं चित्रीकरण बॉस्फरसच्या आशियाकडच्या काठावर, कांदिली भागातल्या एका जुन्या लाकडी हवेलीत झालं होतं. आबूद एफेंदी याली म्हणतात तिला. याली म्हणजे पाण्याच्या काठावरची हवेली. अरब पर्यटकांची रीघ लागली तशी पर्यटन व्यावसायिकांनी ती भाड्यानं घेतली आणि काही काळ तिकीट लावून संग्रहालयासारखी दाखवली. आत काय बघायचं, तर नूर जिथून उतरली तो जिना, मोहन्नद जिथं बसला ती खुर्ची. सौदीहून तुर्कस्तानला जाणारे २००७ मध्ये सुमारे ४१ हजार होते. २००८ च्या उन्हाळ्यात पेपरांत एक लाखाचा आकडा फिरत होता, प्रत्यक्षात ते वर्ष ५५ हजारांच्या आसपास संपलं. लाखाचा टप्पा यायला २०११ उजाडलं आणि २०१२ मध्ये पावणेदोन लाख झाले. हे सगळं मोहन्नदनं केलं असं म्हणणं सोपं आहे. पण जेद्दाहून इस्तंबूल विमानानं चार तासांवर, हलाल जेवण शोधावं लागत नाही, गल्लोगल्ली मशीद, उन्हाळ्यात गारवा, आणि युरोप-अमेरिकेच्या विमानतळांवर अरब नाव ऐकून होणारी झडती इथं नाही. मालिकेनं रस्ता बनवला नाही. रस्ता होताच, तिनं त्यावर दिवा लावला.

माझी शेजारीण २००९ मध्ये गेली. नवऱ्याची संमती लागत होती हे लक्षात ठेवा. म्हणजे ज्या बायका त्या हवेलीपुढं उभ्या राहून फोटो काढायच्या, त्या प्रत्येकीमागं एक पुरुष होता ज्यानं कागदावर सही केली होती आणि बहुतेक वेळा पाठोपाठ तोही आला होता. परत आल्यावर तिनं मला फोटो दाखवले. हवेलीपुढं ती, काळ्या अबायात, आणि कडेला नवरा, तिची पर्स हातात धरून, कॅमेऱ्याकडे न बघता. मी उत्साहानं विचारलं, घर कसं होतं? ती म्हणाली, "टीव्हीवर मोठं दिसतं." मग थोडं थांबून म्हणाली, "पण सात दिवस हे माझ्याबरोबर चालले. रस्त्यावरून. पायी."

जेद्दात ती दोघं एकत्र चालताना मी कधी पाहिली नव्हती. गाडीत बसायची आणि गाडीतून उतरायची.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या बायकांना तुर्की नवरा नको होता. हाच नवरा हवा होता, जरा बोलणारा, जरा बरोबर चालणारा. पण 'आमच्या घरात कुणी आमच्याशी बोलत नाही' ही तक्रार बाहेर पडली ती एका परक्या माणसाच्या नावानं, आणि ती सगळ्यांनी चुकीची ऐकली. मुफ्तींना ती बदचलनी ऐकू आली. नवऱ्यांना बेवफाई ऐकू आली. टूर कंपनीला तिकीट ऐकू आलं.

हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रंगात जपानमध्ये आधी घडली होती. 'विंटर सोनाटा' ही २००२ ची कोरियन मालिका, एनएचकेनं २००३ पासून दाखवली. नायक बे योंग-जून, गळ्यात मफलर, चष्मा, हळू बोलणं. त्याच्यामागं वेड्या झाल्या त्या कॉलेजच्या मुली नव्हत्या, चाळिशी-पन्नाशीच्या जपानी गृहिणी होत्या. त्या चुंचॉनजवळच्या नामी बेटावर झाडांच्या रांगेत फोटो काढायला विमानं भरभरून गेल्या. कोरियन नवरा मिळवून देणाऱ्या विवाह मंडळांकडे जपानी बायका नावं नोंदवू लागल्या. ज्या कोरियन लोकांवर जपाननं ३५ वर्षं राज्य केलं, त्यांना शेजारात कमी लेखलं, त्यांच्याच भाषेच्या वर्गांना आता या बायका जाऊ लागल्या. ही मोठी गोष्ट आहे, मी तिला हसणार नाही. परक्याबद्दलची तुच्छता एका मालिकेनं थोडी जरी कमी झाली तर ती मालिका वाया गेली नाही.

कोरियात जाणाऱ्या पर्यटकांचे आकडे बघा. २००५ मध्ये बायका २३ लाख, पुरुष २९ लाख. २०१९ मध्ये बायका जवळपास १ कोटी, पुरुष ६७ लाख. सगळ्या काही नवरा शोधायला गेल्या नाहीत, सौंदर्यप्रसाधनं, गाणी, खाणं हेही आहेच. पण मिन जू ली या कोरियन अभ्यासक बाईंनी सोलच्या हॉस्टेलांमध्ये पाश्चात्त्य तरुणींशी बोलून अभ्यास केला, आणि त्यांना अशा मुली भेटल्या ज्या खरोखर मालिकेतल्यासारखा मुलगा भेटावा म्हणून आल्या होत्या. बऱ्याच निराश झाल्या. मुलगे मालिकेतल्यासारखे बोलत नव्हते. काहींना तर असं जाणवलं की गोरी परदेशी मुलगी म्हणजे सहज हाती लागणारी, असं समजून आपल्याकडे बघतात. म्हणजे ती त्याला मालिकेतून बघत होती आणि तो तिला दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमातून. दोघांच्या मधल्या टेबलावर खरं माणूस कुणी बसलंच नव्हतं.

मालिकेत हिरो दिसतो, त्याच्यामागचा कायदा दिसत नाही. नूर मालिकेतली बायको नवऱ्याला समोर बसून जाब विचारू शकते, त्यामागं १९२६ चा तुर्की नागरी कायदा आहे. त्यानं एकापेक्षा जास्त बायका करणं बंद केलं आणि सरकारी नोंदणी झाल्याशिवाय लग्न मानायचं नाही असं ठरवलं. तरीही नवरा हाच कुटुंबाचा प्रमुख, हे कलम तिथं राहिलंच होतं. ते काढायला २००२ उजाडलं, आणि ते तुर्की बायकांनी वर्षानुवर्षं लढून काढलं. मोहन्नद त्यानंतर तीन वर्षांनी टीव्हीवर आला. कोरियातही पुरुषाच्या वंशानं घराचा प्रमुख ठरवणारी 'होजू' पद्धत २००८ साली संपली, तीही बायकांनी कोर्टात नेल्यावर. हळुवार हिरो ही त्या मातीची देणगी नाही. पटकथा लिहिणाऱ्यांनी तिथल्या बायकांचं ऐकलं, एवढंच. आणि कायदा पुढं जातो तसा मागंही येतो. बाईवरच्या हिंसेविरुद्धच्या ज्या कराराला इस्तंबूलचं नाव आहे, त्यातून तुर्कस्तान २०२१ मध्ये एका रात्रीत, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं, बाहेर पडलं. इस्तंबूलच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या. त्या मोर्चाची टूर कुणी काढली नाही.

तुमच्यापैकी कुणी खरंच परदेशी माणसाशी लग्न करणार असेल तर माझी ना नाही, उलट मुबारक. फक्त एक ध्यानात ठेवा. तुर्कस्तानात नुसता निकाह लावला तर कायद्याच्या लेखी तुम्ही त्याची बायको नाही. ना वारसा, ना पोटगी. आपल्याकडून करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, परदेशात असाल तर आपल्या वकिलातीत १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानं लग्न नोंदवता येतं. मेहंदीचा नमुना निवडायला जेवढा वेळ देता, त्यातला अर्धा या कागदांना द्या.

आपल्याकडे या सगळ्याला आणखी एक वळण आहे. जून २०१४ मध्ये झिंदगी वाहिनी आली आणि 'जिंदगी गुलजार है' घरोघरी लागली. फवाद खान आपल्या मुलींनाच नाही, त्यांच्या आयांनाही आवडला. माझ्या शेजारच्या देशपांडेबाई मला कशफच्या आईबद्दल विचारायच्या, "तुमच्यात असं दुसरं लग्न करतात का हो अजून?" आणि आमचं तासभर बोलणं व्हायचं, जे एरवी वीस वर्षांत झालं नव्हतं. पण कराचीची टूर निघणार नव्हती. व्हिसाच नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या मालिका बंदच झाल्या. मार्च २०१८ मध्ये एमबीसीनंही राजकारणापायी सगळ्या तुर्की मालिका एका दिवसात काढून टाकल्या. २०२४ साली तुर्कस्तानला गेलेले भारतीय तीन लाखांहून जास्त होते. मे २०२५ मध्ये तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली आणि आपल्याकडून बुकिंग रद्द होऊ लागली. तुमच्या मनात कोण बसावं हे तुम्ही ठरवता, पण रिमोट आणि व्हिसा दुसऱ्याच्या हातात असतो.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, असं मला दोन दिवस वाटत होतं. ज्या मुलीचं आहे तिनं सांगा म्हटलंय, नाव-गाव सोडून.

बी.कॉम.ला असलेली मुलगी. कोरियन मालिका बघून बघून चार-दोन वाक्यं शिकलेली. इन्स्टाग्रामवर बुसानचा म्हणवणारा एक मुलगा ओळखीचा झाला. दोन महिने गप्पा. मग त्यानं वाढदिवसाची भेट पाठवली म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी दिल्लीच्या कस्टम्समधून बोलतेय म्हणणाऱ्या बाईचा फोन, पार्सलमध्ये परकीय चलन आहे, २८ हजार भरा. भरले. मग आणखी ४६ हजार. आईच्या बांगड्या सोनाराकडे गेल्या. मग तो नंबर बंद. तुमच्यातल्या हुशारांना वाटेल, इतकं साधं कसं कळलं नाही? मलाही वाटलं होतं. तिच्याबरोबर सायबर पोलिसांकडे गेले. तोपर्यंत सव्वा महिना उलटला होता. १९३० या नंबरला त्याच दिवशी फोन केला असता तर पैसे वाटेत अडवता आले असते. ती घरच्यांच्या भीतीनं गप्प बसली होती.

परतताना रिक्षात तिला म्हटलं, जाऊ दे, पैसे जातात आणि येतात. ती म्हणाली, "आपा, पैशाचं नाही. तो रोज विचारायचा, जेवलीस का."

कोरियन मालिका बघणाऱ्यांना माहीत आहे, तिथं ख्यालीखुशाली अशीच विचारतात, जेवलास का, जेवलीस का. त्या भामट्यालाही ते माहीत होतं. त्यानंही बहुधा त्याच मालिका पाहिल्या असतील. घरात पाच माणसं, सगळ्यांना ती वाढायची, आणि तिला हे विचारणारा एकच निघाला, तो चोर.

तिच्या अब्बांनी ऐकल्यावर पहिली गोष्ट केली ती तिचा फोन काढून घेतला. आणि मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मला ऐकवलं, की हे सगळं मालिकांमुळे, मुलींना परदेशी मुलांचं खूळ लागलंय. मी त्यांना विचारलं, चाचा, हैदराबादमध्ये वर्षानुवर्षं आखाती म्हातारे येऊन आपल्या गरीब पोरींशी महिनाभराचे निकाह लावून गेले, १९९१ मध्ये एका दहा वर्षांच्या मुलीला साठीचा माणूस घेऊन निघाला होता ते विमानातल्या हवाई सुंदरीनं पकडून दिलं, ती लग्नं कुठल्या मालिकेमुळे झाली? तिथं काझी होता, वकील होता, साक्षीदार होते, बापाची सही होती. परदेशी माणसाशी लग्नाचं खूळ तेव्हा कुणाला लागलं होतं? ते काही बोलले नाहीत. चहा मागवला त्यांनी, तेवढं मात्र खरं.

माझ्या भाचीचं सांगते आणि बसते. पुण्यात नोकरी करते, सत्तावीसची आहे, तुर्की मालिकांची पक्की. गेल्या महिन्यात तिला बघायला माणसं आली. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं, सगळे खूश. बोलणं चाललेलं असताना भाचीनं मुलालाच विचारलं, "तुम्ही शेवटचा चहा कधी केला होता?" मुलाच्या आईनं उत्तर दिलं, "आमच्याकडे त्याला स्वयंपाकघरात यायची वेळच येत नाही." मुलगा हसला. माझी बहीण लाजेनं लाल झाली आणि माणसं गेल्यावर मला म्हणाली, हे तुझ्या भाषणांचं आणि त्या मालिकांचं फळ. मी म्हटलं, असेल.

रात्री भाचीनं मला फोन केला. म्हणाली, "खाला, मुलगा वाईट नाही गं. पण उत्तर त्याच्या अम्मीनं दिलं." तिनं निरोप पाठवला की पुन्हा भेटायचं असेल तर मुलानं एकट्यानं यावं, बाहेर कुठंतरी, तासभर चालू आणि बोलू. माझ्या बहिणीला वाटलं, संपलं. चार दिवस उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी मुलाचा स्वतःचा मेसेज आला. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, संभाजी बागेच्या फाटकाशी. खाली लिहिलं होतं, थर्मास मी आणतो.